गिधाडांचं हॉटेल

विनायकरावानं मोटारसायकल थेट अंगणात आणून उभी केली, पण तो खाली उतरला नाही. कुलदीप तुराट्यांचं कुंपण बांधत होता.

“म्हैस मेली रे राती. घेऊन जा.”

“योजना बंद हाय, भाऊ. गाडी नाई, माणसं नाई. वरून निधीच नाई आला.”

“निधीचं मले काऊन सांगतं? पहिले कोणता निधी येत होता? तुझे आजे-पणजे निरोप गेला का दोर घेऊन हजर राहत. तुमचंच काम व्हय ते.”

कुलदीपच्या हातातली सुतळी तशीच राहिली. खाटेवर आडवे झालेले त्याचे वडील देवाजी उठून बसले होते. नुसते पोराच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“मी नाई येत,” कुलदीप म्हणाला.

देवाजींच्या वडलांनी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. त्यापायी गावानं एक अख्खा उन्हाळा त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. देवाजी त्याच गोष्टीवर वाढले. म्हणून कुलदीप वनविभागाच्या गिधाड योजनेत लागला, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, “सरकारचं हाय म्हणून वास बदलते का?”

“पगार हाय बाबा, हातमोजे हायेत,” कुलदीप म्हणाला होता. त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, पण देवाजी त्याच्या हातचं पाणी पीत नसत आणि बोलणं त्याच्या आईच्या, बायनाबाईच्या तोंडूनच व्हायचं.

जंगलाच्या कडेला तारेचं कुंपण घातलेली जागा होती. मेलेली ढोरं गिधाडांना खायला तिथं टाकत, म्हणून लोक तिला गिधाडांचं हॉटेल म्हणत. मेलेलं जनावर गाडीत घालण्याआधी कुलदीप मालकाला विचारायचा, कोणतं औषध दिलं, कोणती सुई टोचली? दुखण्यावरची एक सुई अशी होती की ती दिलेलं ढोर खाल्लं, की गिधाड दोन दिवसांत मान टाकायचं. ती बंदी असूनही मिळायची. संशय आला की कुलदीप ते ढोर पुरायला लावायचा. पहिल्या वर्षी दोन गिधाडं उतरली, मग सात, मग चौदा. येनाच्या उंच झाडावर एका जोडीनं घरटं केलं. पिल्लानं पहिल्यांदा मान वर काढली, तेव्हा वनरक्षक निशा मडावीनं गावात पेढे वाटले होते. मग निधी थांबला. “प्रस्ताव गेला हाय भाऊ, पैसे आले का पहिले तुमालेच बोलावतो,” निशा दर भेटीत म्हणायची. पुढं पुढं ती नजर चुकवायला लागली.

विनायकराव गेला तसे देवाजी खाटेवरून उतरले. आत जाऊन बायनाबाईला म्हणाले, “आज कोंबडं काप. माह्या पोराच्या हातचं पाणी दे मले.”

दुसऱ्या दिवशी आभाळात गिधाडं घिरट्या घालताना दिसली. विनायकरावानं म्हैस ट्रॅक्टरनं ओढून हॉटेलातच टाकली होती. कुलदीपला बरंच वाटलं. कुणी का टाकेना, त्यांचं पोट तर भरेल. सुईचं विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी चहाच्या टपरीवर विनायकरावाचा गडी बुधू सहज बोलून गेला, “तीन दिवस सुया टोचल्या म्हशीले. पण उठली नाई ते.”

कुलदीप कप ठेवून पळत सुटला.

हॉटेलच्या कुंपणात पाच गिधाडं खाली पडली होती. बाकीची फांद्यांवर बसली होती, माना छातीवर लोंबत होत्या. झोप आल्यासारखी. घरट्याच्या काठावर पिल्लू चोच उघडत होतं. त्याच्याजवळची मोठी मादी हलत नव्हती. अर्धी खाल्लेली म्हैस उन्हात तशीच पडली होती आणि वर, खूप वर, आणखी तीन-चार ठिपके फिरत होते.

त्यानं निशाला फोन लावून सगळं सांगितलं.

“मी इकडं वणव्यावर हाय, भाऊ,” ती धापा टाकत म्हणाली. “उद्याशिवाय कोणीच नाई येऊ शकत. एक पण खाली उतरू देऊ नका.” मग तिनं विचारलं, “घरट्यावाली पण गेली का?”

कुलदीपनं फोन ठेवला.

योजनेचं फावडं आणि दोर कुंपणापाशीच पडून होते; ते घेऊन जवळच्या नाल्याच्या रेतीत त्यानं खड्डा खणायला घेतला. अधूनमधून ओरडत, दगड फेकत वरच्यांना हुसकावत होता. खड्डा झाला, पण म्हैस एकट्यानं सरकेना. दोर हातात रुतू लागला. पाय घसरून तो तिच्या अंगावरच पडला आणि तसाच थोडा वेळ पडून राहिला.

उठला तेव्हा कुंपणापाशी देवाजी उभे होते. बुधूनं सांगितलं असावं. ते झाडांकडे पाहत होते, एकेका फांदीकडे.

“बाबा, तुमी नका येऊ इकडं. घरी जा.”

देवाजींनी चपला काढून बाजूला ठेवल्या. धोतर खोचलं. पुढं येऊन त्यांनी दोराचं मोकळं टोक उचललं. तो हाताला कसा गुंडाळायचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

“कसं धरतेत हे?”

कुलदीपनं बापाच्या तळहाताला दोराचा वेढा घालून दिला. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

“ओढा,” तो म्हणाला.

दोघांनी ओढलं. वीतभर सरकली. पुन्हा ओढलं. मागं येनाच्या झाडावरून काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज झाला. दोघांपैकी कुणीच वळून पाहिलं नाही.