साहेबांच्या केबिनबाहेरचा बाक

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी शालिग्राम आबा माझ्यावर येऊन बसले, तेव्हा मी चपापलो. मी त्यांच्या जळगावच्या घराच्या ओट्यावरचा एक जुना सागवानी बाक. सतरा वर्षं मी तिथे होतो आणि सतरा वर्षांत आबा माझ्यावर एकदाही बसले नव्हते. ते शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून पेपर वाचत आणि वाचून झालेला पेपर तेवढा माझ्यावर टाकत.

थंडीचे दिवस होते. दारात मगनचा टेम्पो उभा होता. दुपारी धुळ्याला नाटकाचा प्रयोग होता आणि त्या नाटकात मला काम होतं.

"आबा, उठा ना," त्यांची मुलगी दिपमाला म्हणाली. "मगनभाऊ केव्हाचे थांबलेत."

"मगन, तुले घाई शे का रे?"

"मले कसानी घाई, आबा? घाई ताईले शे."

आबा हसले. मग माझ्या फळीवर, आपल्या शेजारच्या जागेवर, हात ठेवून म्हणाले, "दीपा, बस जरा. एक सांगायचं होतं. कालच्या नाटकावरून आठवलं."

दिपमालाने घड्याळ पाहिलं. वेळ होता. मला ठाऊक आहे, कारण पुढे एरंडोलला अर्धा तास चहात गेला.

"उद्या, आबा," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात रेटून ते उठले. "बरं. उद्या. मधली फळी सांभाळून न्या रे, नाजूक आहे."

ती बसायला का भ्याली, हे कळायला तुम्हाला माझं आधीचं आयुष्य ऐकावं लागेल.

माझं लाकूड पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरातलं. रुपचंद सुताराने मला गावातल्या एका बँकेसाठी घडवलं. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'बाक २' असं लिहिलं गेलं. 'बाक १' आत पंख्याखाली होता. मला साहेबांच्या केबिनबाहेर ठेवलं. तिथे पंखा नव्हता.

माझ्यावर कोणी बसायचं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी कोणी चुकत नसे. व्यापारी जवरीलाल शेठ आले की केबिनचं दार पुरतं उघडे आणि आतून आवाज येई, "या शेठ, बसा." पाड्यांवरची माणसं आली की ती आपणहून माझ्यावर बसत. त्यांच्यासाठी दार वीतभर उघडे. तेवढ्यातून दोनच शब्द बाहेर येत, "उद्या ये."

केबिनमधले साहेब म्हणजे आपले शालिग्राम आबा. ते कधी ओरडले नाहीत. कोणाच्या पानाचेही मिंधे झाले नाहीत. म्हणून तर त्यांचं 'उद्या' कोणाला खोटं वाटत नसे. माणसं खरंच दुसऱ्या दिवशी येत.

बेबाबाई सर्वांत जास्त वेळा आल्या. त्यांना पाड्यावर पिठाची गिरणी टाकायला कर्ज हवं होतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात, आणि पदर मुठीत. शाळा सुटली की साहेबांची आठ वर्षांची दिपमाला बँकेत यायची आणि आत जाण्याआधी थोडा वेळ त्यांच्याशेजारी पाय हलवत बसायची. बेबाबाई तिला सीताफळ फोडून द्यायच्या. एकदा एक बी माझ्या दोन फळ्यांच्या फटीत पडली. ती अजून तिथेच आहे.

एके दिवशी सकाळपासून ताटकळलेल्या बेबाबाई तिला म्हणाल्या, "पोरी, तुना बाप शे ना तो? त्याले सांग ना, बेबाबाई बाहेर बठेल शे. कवयनी."

दिपमाला आत गेली. केबिनची भिंत पातळ फळीची होती. आतलं सगळं मला ऐकू यायचं. बशीचा आवाज झाला. बिस्किटाचा पुडा फाटला. साहेबांनी पाढे विचारले, तिने बाराचा पाढा न अडखळता म्हटला. बेबाबाईंचं नाव मात्र आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओठाला बिस्किटाचा चुरा होता.

"सांगं का?" बेबाबाईंनी विचारलं.

मुलीने मान हलवली. हो म्हणून.

बेबाबाई बँक बंद होईपर्यंत दाराकडे बघत बसल्या. मग पिशवी पदरात घेऊन उठल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. मित्रांनो, माझ्यावर हजारो माणसं बसली. पण एखादं ओझं माणूस उठून गेल्यावरही फळीवरून उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे बँकेत लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझा लिलाव झाला. आबा त्याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी मला विकत घेतलं तेव्हा शिपाई म्हणाला, "साहेब, हे बाकडं घरी नेऊन करणार काय?" आबांनी पैसे मोजून दिले. घरी आणून त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि पेपरापुरती जागा सोडून वर कुंड्या मांडल्या.

दिपमाला मोठी झाली, जळगावच्या कॉलेजात शिकवू लागली, पुष्कळ पुस्तकं वाचली. त्यांतून तिने एक नाटक लिहिलं. सत्तर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं एक शहर. तिथल्या बँका काळ्या माणसांना घरासाठी कर्ज देत नसत. एक काळी बाई बँकेत येते आणि साहेबाच्या दाराबाहेर बसून राहते. त्यासाठी बाक हवा होता. तिने माझ्यावरच्या कुंड्या उतरवल्या. आबा बघत होते.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, जळगावच्या पहिल्या प्रयोगात, मी प्रथमच इतकी माणसं समोरून पाहिली. पडदा उघडला तेव्हा साहेबाच्या हॅटला शिट्ट्या मिळाल्या. साहेबाने दार वीतभर उघडून "उद्या ये" म्हटलं, आणि सगळं सभागृह हसलं. ज्याने त्याने आपापल्या कचेरीतला साहेब आठवला असावा. दुसऱ्या खेपेला हसू कमी झालं. तिसऱ्या खेपेला एकच माणूस हसला आणि एकटाच हसला म्हणून ओशाळला. चौथ्या खेपेला मागच्या रांगेतून, दाराच्या आत हात दाखवणाऱ्या एका म्हातारीचा आवाज आला, "आते तरी मझार बलाव ना तिले."

पहिल्या रांगेत आबा होते. ते पहिल्यांदाही हसले नव्हते.

प्रयोग संपल्यावर त्यांचे जुने सहकारी लीलाधर म्हणाले, "गोऱ्यांनी काय छळ केला हो, शालिग्रामभाऊ. आपल्याकडे असलं नव्हतं. नियम म्हणजे नियम."

आबा रंगमंचावरच्या माझ्याकडे बघत राहिले.

दिपमालाने त्या नाटकात सगळं घातलं होतं. पातळ भिंत, वीतभर दार, पदरातली पिशवी, आपल्या बापाचे दोन शब्द. एक मुलगी तेवढी घातली नव्हती.

धुळ्याला त्या दुपारी चौथं "उद्या ये" आलं तेव्हा कोणी खोकलंही नाही. शेवटी लोक उभे राहिले, बराच वेळ टाळ्या वाजत होत्या. आत दिपमालाचा फोन एका खुर्चीवर थरथरत होता. तिने तो उचलला, ऐकलं आणि माझ्यापर्यंत चालत आली. बसली मात्र नाही. माझी पाठ धरून उभी राहिली. आबा पेपर वाचता वाचता गेले होते. आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. मी घरी नव्हतो.

तेराव्यानंतर मगनने मला परत आणलं. ओट्यावर माणसं होती. लीलाधर सांगत होते, "नोकरीत बोट ठेवायला जागा नाही. पोरीचं नाटक बघून गेले, सुखाने गेले." दिपमालाने सर्वांना चहा दिला. कप विसळले. शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडला, तेव्हा ओट्यावर दुपारचं ऊन होतं.

ती माझ्यावर बसली. त्या रविवारी आबांनी हात ठेवला होता, त्या जागेवर. शेजारची जागा तिने मोकळी ठेवली. तिचं बोट फटीत गेलं आणि त्या बीवर थांबलं. तिने बी काढली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, पॉलिश करा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. दाराबाहेर कोणी बसलेलं दिसलं आणि तुम्हाला आत जाता येत असेल, तर त्याचं नाव आत जाऊन सांगा. चहा गार झाला तरी चालेल.

आबांना त्या दिवशी काय सांगायचं होतं, ते मला कळलेलं नाही. तिलाही कळणार नाही. माझी मधली फळी कुरकुरली. तिने मान वळवली आणि मोकळ्या जागेकडे बघत, आठ वर्षांच्या मुलीने म्हणावं तसं, एकेक शब्द मोठ्याने म्हटला,

"आबा, बेबाबाई बाहेर बसल्यात. केव्हाच्या. त्यांना आत बोलवा."