नट, बोल्ट आणि अर्धी मिशी

"अर्धीच. पूर्ण काढली तर मजा काय," वस्ताद म्हणाला आणि फिटरच्या मिशीकडे खाटकाने बकऱ्याकडे बघावं तसा बघत राहिला.

वस्ताद म्हणजे समोरचा न्हावी. फिटर म्हणजे पंपदुरुस्तीवाला. आणि मिशी म्हणजे फिटरची एकुलती एक इस्टेट.

पैज लागली फिटरच्या लेकीवरून. तिला दूरच्या शहरात शिकायला जागा मिळाली होती आणि फिटरचं आपलं रोजचं 'बघू'. आईवेगळी पोर, ती गेली की घरात बोलायला उरणार फक्त पंप. पण हे कुणाला सांगायचं कसं? म्हणून तो सांगायचा की शिकायचं ते तरी धड असावं. डीएनए म्हणे मधोमध उसवतो आणि अर्ध्यावरून अख्खा होतो, एकाचे दोन. अर्ध्या पंपावरून अख्खा पंप झाला असता तर मी इथे बसलो असतो का?

पोर म्हणाली, तुमच्याच सामानात करून दाखवते. वस्तादने तिची बाजू घेतली. ती हरली तर वस्ताद वर्षभर फिटरची दाढी फुकट करणार. जिंकली तर अर्धी मिशी जाणार, आणि पोरही. "मी स्वतः बसमध्ये बसवून देईन," फिटर चार लोकांत बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने दुकानापुढे फळी टाकली. चारच जातीचे तुकडे घेतले: मोठा बोल्ट, मोठा नट, छोटा बोल्ट, छोटा नट. मोठ्याचा संसार मोठ्याशी, छोट्याचा छोट्याशी, भानगडी नाहीत. मनाला येईल त्या क्रमाने तिने ते दोन तारांवर समोरासमोर बांधले, जोड्या आवळल्या, शिडी झाली. शिडीला पीळ दिला आणि म्हणाली, डीएनए असाच असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही इतका बारीक.

मग सगळ्या जोड्या सोडवल्या. एक तार बापाच्या हत्यारपेटीत गेली, किल्ली बापाच्या खिशात. बाहेर राहिलेल्या तारेकडे बघत पोर नवी तार बांधायला बसली. बोल्ट दिसला की त्याच्या मापाचा नट, नट दिसला की त्याच्या मापाचा बोल्ट. ही नवी तार पेटीतल्या तारेसारखी हुबेहूब झाली की ती जिंकली.

फिटरचे केस नट-बोल्टांतच पिकलेले. ही जिंकणार हे त्याला लगेच कळलं. पक्कड पाहिजे म्हणत तो पेटी घेऊन आत गेला आणि दूध पिऊन आलेल्या मांजराच्या चेहऱ्याने बाहेर आला.

दोन्ही तारा शेजारी ठेवल्या. गल्ली वाकून बघायला लागली. सगळं जुळत गेलं आणि एका जागी घोटाळा झाला. पोरीच्या तारेवर मोठा नट, पेटीतल्या तारेवर छोटा. तोंडाला साबण लावून न्हावी पळून गेल्यावर गिऱ्हाइकाचं जसं होईल, तसं वस्तादचं तोंड झालं. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, एका नटाने काय होतंय. फिटर म्हणाला, एका नटाने पंप बंद पडतो.

पोर पेटीतली तार घेऊन तिच्या मूळ जोडीदारणीवर, म्हणजे बाहेर राहिलेल्या तारेवर, एकेक जोडी आवळत गेली. त्या जागी छोटा नट मोठ्या बोल्टाच्या तोंडाशीच अडला.

"बाबा, सकाळी सगळ्यांदेखत इथे जोडी आवळलेली होती. आता बसवून दाखवा."

फिटरने नट हातात घेतला. बसत नाही ते दामटून बसवू नये, आटे जातात, हे तो गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आला होता. त्याने पोरीकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्याने खिशातून मोठा नट काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

फेडायची जागा वस्तादने निवडली. ज्या दिवशी पोर निघाली, त्या दिवशी त्याने आपली खुर्ची थेट बसस्टँडवर आणली. प्रवाशांनी कोंडाळं केलं. कंडक्टरने बस थांबवून धरली. वस्तादने उजवी बाजू साफ केली, आरसा दाखवला आणि दाढीचे पैसे घेतले नाहीत. फिटरने पोरीची ट्रंक टपावर चढवली आणि तिला खिडकीपाशी बसवून दिलं.

"बाबा, उरलेलीही काढून टाका. लोक हसतात."

"राहू दे. अर्ध्यावरून अख्खं होतं म्हणालीस ना? येशील तेव्हा बघू."

बस हलली. इतकी वर्षं मिशीखाली झाकलेला ओठ आता उजवीकडून उघडा होता, आणि तेवढाच थरथरताना दिसत होता. वस्तादने ते पाहिलं आणि स्वच्छ असलेला वस्तरा पुन्हा पुसायला घेतला.