भोंगा वाजेपर्यंत

ज्ञानचंदने नोकरी धरली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. जळगावात बापाचं कापडाचं दुकान जोरात चाललेलं, आणि हे पोरगं यंत्राला अक्कल शिकवायला निघालं! पण १९७८ साली तिथल्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नवाकोरा संगणक आला होता आणि त्याला कामाला जुंपणारा ज्ञानचंद एकटाच होता.

वरच्या धरणातून तापीत किती पाणी सोडलं, तो आकडा तारेवरून यायचा. आकडा मोठा असला की यंत्राने नदीकाठचा भोंगा वाजवायचा, हे त्याचं एक काम. पण आकड्याची वाट बघत यंत्र बसून राहिलं की बाकीची कामं खोळंबायची. म्हणून ज्ञानचंदने त्याला शिकवलं, थांबू नकोस. डोकावून बघ, आलं असेल तेवढं घे आणि पुढच्या कामाला लाग. या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती. डोकावलं तेव्हा आकडा अर्धाच आलेला असला तर काय, हे मात्र शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

भोंगा होता यावलच्या रस्त्यावर, पुलापाशी. खाली नदीच्या वाळूत उन्हाळाभर डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, असायच्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली नानीबाई नवऱ्यामागे एकटीच तिथे वेल राखायची. डांगर घ्यायला गेला की ज्ञानचंद तिला बजावायचा, "अक्का, भोंगा वाजला की सगळं टाकून काठावर ये. तोवर निवांत राहा."

"तू सांगस ना भाऊ, मंग मी तसंच करसू," ती म्हणायची आणि एक डांगर जास्तीचं हातात ठेवायची.

एप्रिलातल्या एका दुपारी धरणावरून पाच हजार क्युसेक पाणी सुटलं. तिथला तोताराम आकडा तारेवर टाकायला बसला. त्याची रीत अशी, की दोन अंक दाबायचे, मान वळवून पाटीकडे बघून खात्री करायची, मग पुढचे दोन दाबायचे. माणूस काळजीवाला. यंत्राने डोकावलं तेव्हा पन्नासच आले होते. पन्नास म्हणजे किरकोळ. पुन्हा डोकावलं तेव्हा उरलेली दोन शून्यं हाती लागली. शून्य म्हणजे दारं बंद. यंत्र गप्प राहिलं.

कागदावर आधी पन्नास आणि लगेच शून्य छापलेलं पाहून ज्ञानचंद चक्रावला. त्याने धरणावर फोन लावला. लागायला वेळ गेला.

"पाच हजार पाठवले की साहेब, कधीचेच!" तोताराम म्हणाला.

ज्ञानचंद फोन टाकून उठला. भोंग्याची तार यंत्रापासून सोडवून हाताने जोडायला वेळ लागणार होता. ते काम त्याने मदतनीस बन्सीलालवर सोपवलं. "वाजला की वाजतच ठेव," असं सांगून तो जीपमध्ये बसला.

तो पोचला तेव्हा काठ आणि वाळू यांच्यामध्ये गढूळ पाण्याची रुंद धार पडली होती. पलीकडे वाळूच्या टेकाडावर नानीबाई उभी होती, कोरडी. बाकीचे वाडीवाले बाजाराला गेले होते. काठावर फक्त वना नावाडी होता, नावेशिवाय.

"टेकाडवर पानी चढाव नही," वना म्हणाला. "तठेच राहू द्या तिले. धारमा तिनी पाय टाका ते गई."

ज्ञानचंद ओरडला, "अक्का, तिथेच थांब! येऊ नकोस!"

नानीबाईने कानाला हात लावला आणि हसून ओरडली, "भोंगा वाजना नही भाऊ अजून!"

आणि भोंगा वाजला. बन्सीलालने काम चोख केलं होतं. ज्ञानचंद घसा फाटेस्तोवर ओरडत होता, दोन्ही हातांनी मागे सर, मागे सर म्हणत होता. त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येईना. पलीकडून ते हात बोलावणारेच दिसले असतील. नानीबाईने कंबरेला पदर खोचला. उचललेलं गाठोडं तिने पुन्हा खाली ठेवलं, कारण सगळं टाकून यायचं ठरलं होतं. मग त्याच्याकडे बघत ती पाण्यात उतरली.

मधल्या धारेपर्यंत ती दिसत होती.