गठ्ठा पास

शर्टांच्या कारखान्यात चौथ्या मजल्यावर एक चेकरबाई होती. तिची नजर अशी की सुटलेला टाका लपून म्हणून राहायचा नाही. शिवलेल्या शर्टांचा गठ्ठा पुढे आला की ती मधलाच एक ओढायची, कॉलर उलटायची, शिवण ताणून बघायची आणि खडूने खूण करून ओरडायची, "गठ्ठा पास!" एकाच ताग्यातलं कापड, एकाच हाताची शिवण, मग दरेक शर्ट कशाला उलगडत बसायचा? सगळी हयात तिने असंच काम केलं, आणि तिने पास केलेला माल कधी परत आला नाही.

तिचा नवरा त्याच कारखान्यात कापडाचे तागे वाहायचा. चांगला धडधाकट गडी. एका दुपारी दम खायला म्हणून जिन्यात बसला तो उठलाच नाही. त्याचा भाऊ असाच गेला होता, बापही. भावकीत थट्टेने म्हणायचे, या घरातल्यांना वर जायची भारी घाई. डॉक्टरांनी मात्र थट्टा केली नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे, तो बापाकडून मुलांत उतरतो, तिघांनाही तपासायला घेऊन या, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं.

तिघं म्हणजे कोण? मोठी मुलगी काज-बटणावर. मधला मुलगा बापाच्या जागी ताग्यांवर. तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागायची, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. आणि धाकटी भिंगरी, पॅकिंगला, पाय जमिनीवर ठरेल तर शपथ. तपासणीला मोठ्या दवाखान्यात अख्खा दिवस रांगेत जायचा. आणि कारखान्यात एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर भलताच कुणी बसलेला दिसायचा. सगळं घर एकदम घरी बसलं तर खायचं काय, दगड?

मग चेकरबाईने टेबलावरचाच हिशेब घरात लावला. एकालाच पाठवू. कुणाला, हेही तिने विचार करून ठरवलं. मोठी म्हणजे हुबेहूब बाप. तेच नाक, तेच कान, शिंकायचीसुद्धा बापासारखी. बापाचं काही आलं असेल तर हिच्यातच येणार, बाकीची दोघं तर आईच्या वळणावर गेलेली.

मोठी तपासून आली. हृदय अगदी ठणठणीत. आई कित्येक महिन्यांनी मोकळेपणी हसली. "चला, गठ्ठा पास!" म्हणाली. त्या दिवशी घुम्यासुद्धा हसला.

पुढे काही महिन्यांनी भिंगरीला जिना चढताना धाप लागायला लागली. लिफ्ट होती, पण ती ऑफिसातल्या लोकांसाठी. बाकीच्यांनी जिनाच चढायचा.

"आई, माझं काळीज एवढं का धडधडतं गं?"

"कुणावर जीव जडलाय ते सांग, लग्न लावून देते."

टेबलावरच्या सगळ्या बायका खो-खो हसल्या. भिंगरीही लाजून हसली. परत एकदा तिने विषय काढला तेव्हा आई जरा चिडलीच. "अगं, ताईला तपासलंय ना डॉक्टरांनी? आपल्यात काही नाहीये. उगाच नखरे करू नकोस, सुपरवायझर बघतोय."

मोठी ऑर्डर सुटायची होती त्या दिवशी भिंगरी खोकं घेऊन वर येत होती. जिन्याच्या वळणावर ती भिंतीला टेकली आणि टेकल्या टेकल्या खाली घसरली. आई धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"मी तिघांना आणा म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"एकीला तपासलं होतं ना, साहेब. बापाच्या तोंडवळ्याची तीच होती."

"बाई, तोंडवळ्याचा आणि याचा काही संबंध नसतो. प्रत्येक मुलाचं नशीब वेगळं. एक सुटलं म्हणून दुसरं सुटलं असं होत नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिघांना आणा म्हणायला काय जातं हो? एकटीच का आली, बाकीची दोघं कुठे आहेत, एवढं तेव्हा कुणी विचारलं असतं तर पोर आज घरात नाचत असती. पण कुणी विचारलं नाही, आणि आईने पोरीला नखरेल म्हटलं. ते शब्द आता तिला गिळवत नव्हते.

काम गेलं तर गेलं म्हणत तिने घुम्याला तपासायला नेलं. त्यालाही तेच निघालं. गोळ्या चालू, ओझं बंद, जिने बंद, बैठं काम बघा, डॉक्टर म्हणाले.

तिने सुपरवायझरला गाठलं. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "चेकरबाई, हे मालकाच्या कानावर गेलं तर पोराला उद्या गेटच्या आत घेणार नाहीत. मी काही ऐकलंच नाही, समजलात?" तो भल्यासाठीच बोलत होता. मायलेकांनी दुसरीकडे उंबरठे झिजवले. बैठ्या कामाला शिकलेला माणूस लागायचा, आणि घुम्याची शाळा सुटून जमाना झाला होता.

म्हणून आता रोज सकाळी जिन्याच्या प्रत्येक वळणावर आई कठडा धरून थांबते. "थांब रे बाबा, दम लागला मला."

मागच्या बायका चेष्टा करतात. "चेकरबाई, म्हाताऱ्या झालात की!"

"झाले गं बायांनो, झाले."

घुम्या तिच्याशेजारी मुकाट उभा राहतो. आई कुणासाठी थांबते ते त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत ती पाऊल उचलत नाही. मग वर पोचल्यावर ती टेबलाशी बसते आणि तो तागे आणायला पुन्हा खाली जातो. तिच्या जागेवरून जिना दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दिवसभर जिन्यात कुणाचीही पावलं थांबली, की तिचा हात थांबतो.