प्रधानाच्या रक्ताचा डाग

किल्ला बघायला मावशी कधी गेल्याच नव्हत्या. सव्वीस वर्षं रोज सकाळी सहाच्या ठोक्याला तिथे हजर असत, पण त्या पुसायला. बघायला जाणारा माणूस मान वर करून चालतो. मावशींची मान कायम खाली, त्यामुळे छतावर काय नक्षी आहे ते त्यांना धड सांगता यायचं नाही. पण फरशी विचारावी. कुठल्या दालनातली कुठली फरशी हलते, कुठलीचा टवका उडाला आणि तो कुणी मेण भरून लपवला, सगळं तोंडपाठ.

काम सुटून आठ वर्षं झाली तरी तोरा सुटला नव्हता. "माझ्या हातून राहिलेला एक डाग दाखवा," असं त्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, कुणालाही ऐकवत. कुणी दाखवायच्या फंदात पडत नसे. तोवर मावशींची नजर त्याच्याच कॉलरवर गेलेली असायची.

आता त्याच किल्ल्यात त्यांची सून कामाला लागली होती. झाडूपोछाला नव्हे, संध्याकाळी दारं बंद झाली की हौशी लोकांचा घोळका आत न्यायचा आणि दिवा धरून त्यांना राजाराणीच्या गोष्टी सांगायच्या. मावशींच्या मते हे काम नव्हतंच. काम म्हणजे ज्यानं गुडघे दुखतात ते. गप्पा मारल्याबद्दल पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर मावशी एव्हाना त्या किल्ल्याच्या मालकीण झाल्या असत्या.

पण सुनेची नोकरी अजून कच्ची होती. तीन महिने पारखून दोघांतला एक ठेवायचा होता, आणि दुसरा होता इतिहासाची पदवी घेतलेला, उंचापुरा, घोगऱ्या आवाजाचा. आजच्या फेरीला किल्ल्याच्या मुख्य बाई स्वतः मागून चालणार होत्या आणि फेरी संपली की तिथल्या तिथे निकाल सांगणार होत्या.

"त्यांचं एकच म्हणणं असतं," सून घरातून निघण्याआधी म्हणाली. "गोष्ट रंगवा, पण खोटी सापडली की घरी बसा. मागे एकानं राणीला चार मुलं सांगितली आणि निघाली तीन. दुसऱ्या दिवशी तो नव्हता."

"तिला तीन झाली यात त्याचा काय दोष?"

"आई, तुम्ही सोबत या, मला धीर वाटेल. पण फक्त चालायचं. बोलायचं नाही."

"मी कधी बोलते?"

मावशींच्या मुलाला ठसका लागला. पाण्याचा पेला तोंडाला लावून तो भिंतीकडे वळला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

"आणि मी सांगेन ते ऐकून घ्यायचं. पटलं नाही तरी."

"तू घरात आल्यापासून तेच चाललंय," मावशी म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या.

दरवाजावर प्रत्येकाच्या हातात एकेक कंदील दिला. कंदील कसला, आत बॅटरीचा दिवा आणि बाहेरून काळं प्लास्टिक. किल्ल्यातले सगळे दिवे मुद्दाम मालवलेले. बटणं कुठे आहेत ते मावशींना माहीत होतं, पण बोलायचं नाही असं ठरलेलं. बारा-तेरा माणसं असतील. त्यांत एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, जे किल्ल्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होतं. एक जाड चष्म्याचे गृहस्थ, जे आत शिरल्या शिरल्या दाराची बिजागरी बोटानं घासून वास घेत होते. आणि सगळ्यांत मागे मुख्य बाई. करड्या केसांच्या, हातात वही, चेहरा असा की दूधसुद्धा आपणहून नासावं.

सून बोलायला लागली आणि मावशींना आपलीच सून ओळखू येईना. घरी "मीठ द्या" म्हणतानाही जिचा आवाज खाली जातो, ती इथे भिंतींना ऐकू जाईल असं बोलत होती. "या खिडकीत राणीसाहेब संध्याकाळी बसत आणि नदीकडे बघत अश्रू ढाळत." घोळका हळहळला. मावशींनी ओठ मिटून घेतले. त्या खिडकीत उंदीरही नीट बसू शकत नाही, आणि बसला असता तर रडला असता तो कबुतरांच्या घाणीमुळे. ती घाण कोण खरवडत होतं, ते कुणाच्या गोष्टीत नव्हतं.

पहारेकऱ्यांची खोली झाली, शस्त्रांची झाली, राणीची न्हाणी झाली. लोक मान डोलावत होते, आणि मागे वही अजून बंद होती. मावशींना हळूहळू जाणवलं की आपल्या छातीत काहीतरी फुगतंय. त्यांनी तो गॅस असावा असं ठरवलं.

मग सून पश्चिमेच्या मोठ्या दालनात शिरली आणि थांबली. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं, कंदील खाली धरायला लावले, आणि आवाज अगदी खोल नेला.

"दोन महिन्यांपूर्वी इथला गालिचा धुवायला उचलला, आणि खाली हे सापडलं."

पांढऱ्या फरशीवर हातभर रुंदीचा तांबूस गोल डाग होता.

"याच दालनात राजानं आपल्या प्रधानाला मारलं, एवढं जुन्या कागदांत आहे. कुठे मारलं ते नव्हतं. ते आता या फरशीनं सांगितलं."

नवी नवरी नवऱ्याला बिलगली. मावशींनी आपला कंदील आणखी खाली नेला.

तो प्रधान त्यांनी ओळखला होता. ती लोखंडी बादली होती. दालनाचं छत गळायचं, म्हणून खाली बादली ठेवायची पद्धत, आणि ती रोज उचलून बूड पुसायची जबाबदारी मावशींची. एका पावसाळ्यात त्या अकरा दिवस रजेवर गेल्या आणि बादली तशीच राहिली. परत आल्या तर बुडाचा गंज फरशीत उतरलेला. त्या महिनाभर घासत होत्या. डाग फिका झाला, गेला नाही. शेवटी गालिचा दोन हात पुढे ओढला, आणि कुणाला कळलं नाही. रजा कशाची होती, तर मुलाच्या लग्नाची. म्हणजे बघायला गेलं तर हा खून याच सुनेपायी झाला होता, आणि आता तीच त्यावर हळव्या आवाजात बोलत होती.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. कामातलं ती घरी सांगत नसे, कारण सांगितलं की सासूबाई दुरुस्त्या सुचवत. आणि मावशींनी बादलीचं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कशाला सांगायचं?

चष्मेवाले गृहस्थ तोवर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी डागावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"बाई, हे रक्त नाही. हा गंज आहे."

"जुनं रक्त असंच दिसतं," सून म्हणाली.

"मी चाळीस वर्षं कारखान्यांतले बॉयलर तपासलेत. गंज मला झोपेत ओळखू येतो." याच्या बायकोनं कसे दिवस काढले असतील, असं मावशींच्या मनात येऊन गेलं. "आणि हा गोल बघा. माणसाचं रक्त असं कंपास लावून सांडतं का?"

"प्रधानाचं शिर इथे..."

"शिराला इतकी सरळ कड असते?"

कुणीतरी हसलं. नवरी नवऱ्यापासून जराशी सुटी झाली. आणि मागे मुख्य बाईंनी वही उघडली. पान उलटल्याचा आवाज दालनभर ऐकू गेला.

सुनेच्या कपाळावर घाम आला. तिनं एकदा फरशीकडे बघितलं, एकदा वहीकडे. मग तिनं मान वर केली.

"मी सांगते मला खात्री का आहे ते. इथली फरशी सव्वीस वर्षं माझ्या सासूबाईंनी पुसली. त्यांना मी आमच्या घरात एका डागापुढे हरलेलं बघितलेलं नाही. शाई, तेल, हळद, काहीही द्या. त्यांच्या हातून जो डाग निघाला नाही तो साधा असूच शकत नाही. त्या इथेच आहेत, त्यांनाच विचारा."

सगळे कंदील मावशींकडे वळले.

लग्नाला दहा वर्षं झाली होती. दहा वर्षांत सुनेच्या तोंडून सासूसाठी एक चांगला शब्द निघाला नव्हता, आणि निघाला तो असा, नेमका या जागी उभं करून. मावशींना वाटलं, हिनं तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

"काय हो आजी," चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुम्ही असताना होता का हा डाग?"

उत्तर सोपं होतं. "माझ्या वेळी नव्हता." एवढं म्हटलं की मावशींची सव्वीस वर्षं जशीच्या तशी, लख्ख. दोष पडेल नंतर आलेल्या कुणावर तरी, आणि त्या नंतर आलेल्यांची लायकी मावशींना माहीत होती. त्यांच्यावर आणखी एक डाग पडून काही बिघडत नव्हतं. फक्त मग तो गंज ठरेल, आणि सून उद्यापासून घरी.

सून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. उत्तर काय येणार ते जणू तिला पक्कं माहीत होतं. मूर्ख कुठली.

"होता," मावशी म्हणाल्या. "मी कामाला लागले त्या दिवसापासून होता."

"आणि तुम्हाला निघाला नाही?"

मावशींनी एकदा डागाकडे बघितलं.

"नाही निघाला."

"कशानं घासलात?"

"कशानं नाही ते विचारा. सोडा झाला, मीठ झालं, विटेचा चुरा झाला, रॉकेल झालं. लिंबू पिळून फडकं रात्रभर ठेवलं. फरशीची झिलई गेली, डाग तिथेच."

"लिंबानं गंज जातो," चष्मेवाले म्हणाले.

"जातो ना. मी काय बॉयलर बघितले नाहीत, पण गंज पुष्कळ काढलाय. नळाचा, खिळ्यांचा, पलंगाच्या पायांचा. सगळा गेला. हा गेला नाही. आता तुम्हीच सांगा हा कसला गंज."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, बोटाकडे बघितलं, जीभ टाळ्याला लावून पुन्हा चव घेतली. चाळीस वर्षांत बॉयलरनं त्यांना असं उलट विचारलं नसावं.

"आणि हो," मावशी म्हणाल्या, "ते बोट धुवून घ्या. प्रधान कसल्या आजारानं बेजार होता कुणाला ठाऊक."

घोळका हसला, पण या वेळी हसू चष्मेवाल्यांच्या वाट्याला आलं. नवरी परत बिलगली. "सव्वीस वर्षं घासत होत्या," ती नवऱ्याच्या कानात कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "बिचाऱ्या आजी." मावशींना आयुष्यात पुष्कळ काही म्हटलं गेलं होतं. खाष्ट, तोंडाळ, आग्यावेताळ. ते सगळं त्यांनी दागिन्यासारखं वागवलं. बिचारी कुणी म्हटलं नव्हतं. आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी कंदील जरा खाली धरला.

फेरी संपली तेव्हा दरवाजाशेजारच्या खोलीत मुख्य बाईंनी सुनेला बसायला सांगितलं, आणि वहीत बघत म्हणाल्या, "आवाज चांगला आहे. राणीचं जरा कमी करा. पण डागाचं उत्तम. कागदाचा आधार आहे, आणि त्यावर इथल्या जुन्या माणसाची साक्ष. असं आपल्याकडे दुसरं काही नाही. पहिल्या तारखेपासून तुम्ही कायम. मी पत्र घेऊन येते." आणि त्या आत गेल्या.

सुनेनं डोळे पुसले. मग सासूजवळ सरकली आणि हलक्या आवाजात विचारलं, "आई, खरंच नाही निघाला का हो?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. हिला आत्ता खरं सांगितलं तर उद्या त्या फरशीशी उभी राहून हिचा आवाज कापेल. हिला खोटं बोलता येत नाही. दूध उतू गेलं तरी चेहऱ्यावर दिसतं.

"सांगितलं ना एकदा."

"सोड्यात थोडं व्हिनेगर घालायचं होतं. मी परवाच मोबाइलवर बघितलं. अर्धा तास ठेवायचं आणि मग गोल गोल घासायचं."

"गोल गोल," मावशी म्हणाल्या.

"हो. तुम्ही सरळ घासता, म्हणून राहतात डाग."

मावशींनी हेही ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि सुनेच्या ते लक्षातही आलं नाही.

मुख्य बाई पत्र घेऊन आल्या. दुसऱ्या हातात एक कोरा कागद होता, तो त्यांनी मावशींपुढे धरला.

"त्या डागाशी एक पाटी लावायचं म्हणतेय. 'सव्वीस वर्षं घासूनही हा डाग निघाला नाही,' आणि खाली तुमचं नाव. चालेल ना? तुमची हरकत असेल तर नाव गाळू."

सव्वीस वर्षांत त्या किल्ल्यात मावशींचं नाव कुठेही लिहिलं गेलं नव्हतं. हजेरीच्या वहीतही 'फरशीवाली' एवढंच असायचं. राजाचं नाव बारा ठिकाणी, मारलेल्या प्रधानाचं दोन ठिकाणी, आणि छत गळतं तिथे ठेकेदाराचंसुद्धा.

"गाळायचं कशाला," मावशी म्हणाल्या. "लिहा. पण पूर्ण लिहा, आडनावासकट. मी लिहून देते, तुमच्या लोकांना ते कधी धड जमलं नाही." त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर दाबून, सावकाश लिहिलं. मग कागद परत देताना म्हणाल्या, "आणि ती पाटी भिंतीवर ठोका. खाली उभी केलीत तर तिच्याभोवती कुणी नीट पुसणार नाही."