भिंगरी आणि कोरडा धागा

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती दिवसभर फिरायची, आणि पाय थांबले की हात सुरू व्हायचे. आईच्या दुकानात मात्र हात आवरून बसावं लागे. मोजणीदार ज्यांतून बघून जमीन मोजतात, त्या जुन्या दुर्बिणी आई दुरुस्त करायची. अशा दुर्बिणीला डोळा लावला की आत एक बारीक काळी फुली दिसते. नेम त्या फुलीवर धरायचा.

त्या दुपारी आई चहा टाकायला आत गेली आणि भिंगरीने उघड्या नळीत बोट घातलं. का घातलं म्हणाल, तर नळी समोर होती आणि बोट रिकामं होतं. फुली तुटली.

परवाच एक भिंग फुटल्यावर आईने बजावलं होतं, "आणखी काही मोडलंस तर शाळा सुटल्यावर मावशीकडे जाऊन बसायचं." मावशीच्या घरात मांजरसुद्धा विचारून शिंकायचं. तिथे खुर्चीवर बसून राहायचं आणि इथले स्क्रू, भिंगं, पितळी चाकं सगळं सुटणार, या विचारानेच तिला रडू यायला लागलं. त्यात मोजणीदारकाका दुर्बीण न्यायला संध्याकाळी येणार होते.

फुली कोळ्याच्या धाग्याची असते, हे तिला ठाऊक होतं. केसाहून बारीक आणि तरी चिवट, असा दुसरा धागा आईला मिळत नसे. म्हणून तर दुकानाची मागची खिडकी कधी झाडली जात नव्हती. तिथे जाळ्याच्या मधोमध कोळीण बसलेली असे. कोळीणच, कारण असं मोठं जाळं घालून ऐसपैस बसलेली बहुधा बाईच असते. भिंगरीने तारेच्या दोन टोकांच्या चिमट्यावर जाळ्याचा एक धागा उचलला, घाईघाईने वार्निशच्या थेंबाने नळीत चिकटवला आणि डोळा लावला. आत मण्यांची माळ दिसत होती, वर कापसाचा एक तंतूही अडकला होता.

"गोल फिरणारा घेतलास ना?" मागून आई म्हणाली. ती रागावली नव्हती, त्यामुळे भिंगरी जास्तच घाबरली. "तो चिकट असतो. माशी अडकावी म्हणून त्यावर डिंकासारखे थेंब असतात. मधून बाहेर जाणारे, सायकलच्या आऱ्यांसारखे, ते कोरडे. कोळीण स्वतः त्यांवरून चालते."

"मग त्यांतला काढू?"

"त्यावर धूळ बसली. ताजा हवा. तिच्या पोटात तो पातळच असतो, ओढला जाता जाता घट्ट होतो."

आईने कोळिणीला काठीवर घेतलं आणि काठीला टिचकी मारली. कोळीण धागा सोडत खाली लोंबकळली, थांबली, आणि तोच धागा गोळा करत परत वर चढली.

"तिला फारसं दिसत नाही. पायांना थरथर कळते," आई म्हणाली. "जाळं हललं की माशी आली, काठी हलली की खाली पळा. पण मी हा हात हलवला की धागा चिमट्यावर गुंडाळणारा हातही हलतो. तू धर काठी. हलवत राहा."

भिंगरीला यात काहीतरी डाव वाटला. "किती वेळ?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

तिने काठी हलवली. कोळीण सुटली. थांबली की भिंगरी पुन्हा हलवी आणि ती पुन्हा खाली जाई. आईचा चिमटा संथपणे फिरत होता, त्यावर काहीतरी चमकत होतं. तेवढ्यात दार वाजलं. मोजणीदारकाका आत आले आणि उघडी नळी बघून म्हणाले, "अरेच्चा, हिची फुली कुठे गेली?"

भिंगरीचा हात जागीच थांबला. आता आई सांगणार, आणि मग मावशी आणि ती खुर्ची. कोळीण वर चढायला लागली.

"बसवतोय आम्ही दोघी," आई मान वर न करता म्हणाली. "जरा टेका तिथे. भिंगरे, हात का थांबला? हलव."

हात हलव, असं जन्मापासून तिला कुणी म्हटलं नव्हतं. भिंगरीने नाक बाहीला पुसलं आणि काठी हलवायला लागली.