कडेचे दगड

"बाई, चार लावलं. बाकीचं उतरू का?" हरिबाने विचारले.

त्याचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते. केडगावच्या दफनभूमीत बाबांच्या कबरीवरची माती अजून ओली होती आणि तिच्या कडेला चार पांढरेशुभ्र दगड उभे होते. फाटकाबाहेर त्याच्या बैलगाडीत आणखी वीसेक असतील. हरिबा तीस वर्षे बाबांच्या हाताखाली रस्त्याच्या कामावर होता. दगड निवडून, धुऊन, चुना देऊन त्याने आणले होते. कुणी सांगितले नव्हते.

"हरिबा, दगड नको."

"आसं कसं, बाई? मिस्त्रींच्या कडंला दगड न्हाई, तर मग कुनाच्या?"

त्याचे बरोबर होते. माझे वडील, येशुदास मिस्त्री, बांधकाम खात्यात शिरूर-चौफुला रस्त्यावर होते. प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या कडेला ते दगड लावीत, हातभर पुरून, कुणाला हलवता येऊ नयेत असे. "रस्ता मधून कळत नाही, कडेवरून कळतो," असे म्हणत. न्हावऱ्याजवळ एका वळणावर दर पावसाळ्यात गाडी ओढ्यात जाई. तिथे त्यांनी दगड लावले आणि नंतर एकही गेली नाही. आयुष्यात त्यांनी अभिमान बाळगला तो एवढाच.

१९५९च्या जानेवारीत दौंडचे बागायतदार हौसराव यांनी सव्वीस तारखेसाठी मोटारसायकलींची शर्यत काढली. गायरानातली वाट आखायला त्यांनी बाबांना बोलावले. एडविनही शर्यतीत होता. तो रेल्वेत फिटर होता आणि ईस्टरनंतर आमचे लग्न ठरले होते. शर्यतीच्या दोन दिवस आधी मी बाबांचा डबा घेऊन गेले, तेव्हा शेवटच्या वळणावर वाद चालला होता.

"हौसराव, हे लई तिखट झालं. जरा पसरट करू," बाबा म्हणत होते.

"मिस्त्री, पसरट केलं तर लोकांनी बघायचं काय? तिखटच पायजे. आजाऱ्याची पेज न्हाई वाढायची आपल्याला."

"मग बाहेरची कड वीतभर उचलू द्या. गाडी बाहेर फेकली जायची नाही."

"परवा शर्यत हाय. माती कवा टाकनार, कवा चोपनार?"

एडविन मोटारसायकलीवर रेलून हसत होता. "मामा, हाय तसं ऱ्हाऊ द्या. सरळ वाटंवर काय, हरिबाचा गाडाबी पळंल."

"पळंल की," हरिबा टिकावावर हात टेकून म्हणाला. "आन् माझी बैलं मधीच बंद पडत न्हाईत, पावनं."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते वळणावरून चालत गेले, परत आले. "निदान माणसं आतल्या अंगाला उभी करा. बाहेर एक माणूस नको."

हौसरावांनी ते मान्य केले.

"आणि कडेला मी दगड लावणार. त्याला नाही म्हणू नका."

"लावा की, मामा," एडविन म्हणाला. "कड दिसली म्हंजी मला जोरात घेता येतं."

त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. दगड लागले, आता काळजी नाही, असेच मी मनात म्हटले.

तिसऱ्या फेरीत एडविन पुढे होता. त्या वळणावर त्याचे मागचे चाक फुफाट्यात घसरले आणि तो बाहेर गेला. वळणाच्या बाहेर हरभऱ्याचे रान होते. आदल्याच दिवशी पाणी दिलेले, मऊ. मोटारसायकल उडून त्या रानात पडली. तिचे चाक बराच वेळ फिरत होते. एडविन दगडावर आपटला आणि तिथेच गेला. दगड तसूभरही हलला नव्हता.

लोक बाबांना सांगायला आले, "मिस्त्री, तुमच्यामुळं माणसं वाचली. आमी सगळं बाहेरच्या अंगाला उभं ऱ्हानार व्हतो." हे खरे होते. दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच पहार घेऊन गेले आणि सगळे दगड उपटून आले.

रस्त्यावरचे दगड मात्र त्यांना उपटता येईनात. साहेबांचा दौरा आला की चुना द्यावाच लागे. हरिबाच्या हाती बादली देऊन ते पाठ फिरवून उभे राहत.

त्यांनी मला एकदाच विचारले. शर्यतीला वर्ष झाले होते. मी शाळेच्या वह्या तपासत होते.

"पोरी, दगड नसते तर?"

मी म्हणाले, "बाबा, भाकरी गार होतेय."

ते जेवले. पुन्हा कधी त्यांनी विचारले नाही. पुढे सात वर्षे आम्ही दोघे त्या घरात राहिलो, पावसापाण्याचे बोललो. उत्तर मला येत नव्हते असे नाही. दगड नसते तर एडविन हरभऱ्यात पडला असता, गुडघे फोडून, लाजून उठला असता. खोटे बोलणे मला जमले नाही, आणि खरे बोलायची गरज नव्हती. गप्प राहिले त्यातूनच त्यांना ते कळले होते. गेल्या आठवड्यात दवाखान्यात ते एवढेच म्हणाले, "माझ्या कडेला काही लावू नका."

"त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, हरिबा."

तो म्हणाला, "मंग कळायचं कसं, मिस्त्री कुठवर हायती त्ये? गुरं येत्यात हितं."

त्याने वाकून चारही दगड एकेक करून उचलले, छातीशी धरून गाडीत नेऊन ठेवले आणि बैल वळवले. दगडांच्या जागी ओल्या मातीवर चुन्याचे चार ठसे राहिले होते. मी ते चपलेने पुसले.